मॅग्लेव्ह की चाकांची बुलेट ट्रेन? उत्तर सांध्यात आहे

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "मॅग्लेव्ह ताशी 600 किमीनं धावून दाखवते, चाकांची बुलेट ट्रेन 320-350 वर अडते. मग दोन शहरांमधल्या प्रवासासाठी जग अजून रूळ-चाकावरच पैसे का घालतंय? आपणही थेट मॅग्लेव्हच का बांधत नाही? आणि मला याच क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकू?"

माझं सगळं आयुष्य रुळांच्या देखभालीत गेलं. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बसलो आहे, त्यांचे मार्ग जवळून पाहिले आहेत. म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो. मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी, हे खरोखर थोर तंत्रज्ञान आहे, पण ती दुसरी लाइन आहे. एखाद्या मार्गावर चाकांची वेगवान लाइन आधीच तुडुंब भरून वाहत असेल आणि तिथे नव्यानं दुसरी बांधायचीच असेल, तर मॅग्लेव्हचा विचार करावा. कोणत्याही देशानं पहिलीच लाइन मॅग्लेव्हची बांधू नये. हे मत वेगावरून बनलेलं नाही, सांध्यावरून बनलेलं आहे. ते कसं, ते सविस्तर सांगतो.

आधी वेगाचा हिशोब मिटवू. "चाकांची गाडी 350 वर अडते" हे पूर्ण खरं नाही. 3 एप्रिल 2007 रोजी फ्रान्समध्ये टीजीव्ही या तिथल्या बुलेट ट्रेनची खास तयार केलेली गाडी साध्या पोलादी रुळांवर ताशी 574.8 किमीनं धावली. जपानच्या एल-झीरो मॅग्लेव्हनं 21 एप्रिल 2015 ला यामानाशीच्या चाचणी मार्गावर 603 गाठला. विक्रमांमधला फरक तीसेक किलोमीटरचा. फरक आहे तो रोजच्या धावण्यात. फ्रान्सनं त्या विक्रमासाठी ओव्हरहेड वायरचा दाब 31 हजार व्होल्टपर्यंत चढवला होता, तार नेहमीपेक्षा जास्त ताणली होती, चाकं मोठी बसवली होती. रोज सकाळी सहा ते रात्री बारा असं चालवलं तर तार, पँटोग्राफ (गाडीच्या छपरावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) आणि रूळ सगळंच झिजून जाईल.

चाकांच्या गाडीची खरी अडचण बहुतेकांना चाकात वाटते. माझ्या मते ती डोक्यावर, तारेत आहे. पँटोग्राफ तारेला खालून दाबत जातो, त्यामुळे तारेत लाट उठते आणि पुढे पळते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाच्या जवळ गेला की तार पँटोग्राफपुढे ढिगासारखी उचलली जाते, संपर्क तुटतो, ठिणग्या उडतात. म्हणून लाटेच्या वेगाच्या साधारण 70 टक्क्यांच्या आतच राहावं लागतं. तार जास्त ताणा, हलकी करा, मर्यादा थोडी वर सरकते. चीन आता सीआर 450 या गाडीतून ताशी 400 ची नियमित सेवा देण्याच्या तयारीत आहे, ती याच वाटेनं. चाकाची पकडही वेगाबरोबर कमी होते, ओल्या रुळावर तर फारच. म्हणून आजच्या गाड्यांत एका इंजिनावर भार न टाकता बहुतेक डब्यांखाली मोटारी वाटून दिलेल्या असतात.

मॅग्लेव्ह या दोन्ही अडचणींमधून सुटते. गोल मोटार मनात आणा. तिचं बाहेरचं वेटोळं एका जागी चिरून सरळ केलं आणि शेकडो किलोमीटर जमिनीवर अंथरलं, असं समजा. मॅग्लेव्हचा मार्ग म्हणजे ही अंथरलेली मोटार. गाडी म्हणजे तिचा फिरणारा भाग, फक्त तो फिरण्याऐवजी पुढे सरकतो. त्यामुळे गाडीत इंजिन नाही, धावण्यासाठी तारेतून वीज घ्यायची नाही, पकडीचा प्रश्न नाही. चढही चांगला चढता येतो. ट्रान्सरॅपिड या जर्मन मॅग्लेव्हची रचना 10 टक्के चढासाठी होती, तर चाकांच्या वेगवान मार्गावर 4 टक्के म्हणजे फार झालं.

तरंगण्याचे प्रकार दोन, आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रान्सरॅपिडमध्ये गाडीचे हात मार्गाखाली वळलेले असतात आणि विद्युतचुंबक खालून वर ओढून गाडी उचलून धरतात. मधली फट फक्त 10 मिलिमीटर. चुंबक ओढतो तेव्हा फट कमी झाली की ओढ वाढते, म्हणून सेकंदाला हजारो वेळा फट मोजून प्रवाह कमीजास्त करत राहावं लागतं. जपानी पद्धत उलटी आहे. गाडीत उणे 269 अंशांपर्यंत थंड केलेली अतिवाहक, म्हणजे विजेला विरोध न करणारी, वेटोळी असतात. गाडी वेगानं निघाली की मार्गाच्या भिंतींमधल्या वेटोळ्यांत आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि गाडी 10 सेंटीमीटर वर तरंगते. त्यासाठी वेग हवा, म्हणून ताशी दीडशेपर्यंत ती रबरी चाकांवर धावते, विमानासारखी. भूकंपाच्या देशाला 10 मिलिमीटरची फट परवडणारी नव्हती, 10 सेंटीमीटरची हवी होती. जपाननं अवघड वाट धरली ती यासाठी.

इथवर वाचून वाटेल की मॅग्लेव्ह सरळसरळ वरचढ आहे. आता सांध्याकडे येतो.

रेल्वेत आम्ही ज्याला सांधा म्हणतो, म्हणजे जिथे एक रूळ दोन होतो, ती सगळ्या रेल्वेतली सर्वांत महत्त्वाची जागा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एका जुन्या मिस्त्रींनी 5 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हातात दिली होती. सांध्याची सरकणारी जीभ, म्हणजे टंग रेल, आणि शेजारचा स्थिर रूळ, म्हणजे स्टॉक रेल, यांच्या मध्ये ती पट्टी धरायची आणि केबिनला पॉइंट, म्हणजे सांधा, फिरवायला सांगायचं. जीभ पट्टीला येऊन टेकते, मोटार घरघरते, पण कुलूप लागता कामा नये आणि सिग्नल पडता कामा नये, म्हणजे गाडीला वाट मिळता कामा नये. 5 मिलिमीटर फट राहिली तरी यंत्रणेला ती कळलीच पाहिजे. पावसाळ्याच्या रात्री कंदिलाच्या उजेडात गुडघ्यावर बसून ही चाचणी करताना मला पहिल्यांदा समजलं की रेल्वे वेगावर उभी नाही. एका गाडीला बाजूला घेऊन दुसरीला पुढे काढता येणं, एका मार्गाला दहा फाटे फोडता येणं, यावर ती उभी आहे. आणि हे सगळं काही टन पोलाद काही सेकंदांत दीडशे मिलिमीटरच्या आत सरकवून होतं. फ्रान्समध्ये तर असे लांब सांधे आहेत की गाडी ताशी 220 किमीनं फाट्यावर वळते आणि प्रवाशाच्या कपातला चहा हलत नाही. तिथे सांध्याचं नाकही, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथलं टोकही, सरकतं, म्हणजे चाकाला ओलांडायला फटच उरत नाही.

मॅग्लेव्हमध्ये हे इतकं सोपं नाही. ट्रान्सरॅपिडमध्ये गाडी मार्गाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, म्हणून सांधा म्हणजे अनेक मीटर लांबीची अखंड पोलादी तुळई यंत्रांनी वाकवणं. जपानी मार्ग इंग्रजी यू अक्षरासारखा आहे, दोन्ही बाजूंना भिंती. तिथे सांधा म्हणजे भिंतींसकट मार्गाचा तुकडाच बाजूला सरकवणं. हे करता येतं, करून दाखवलंही आहे. पण प्रत्येक सांधा महाग, अवजड आणि संथ. म्हणून मॅग्लेव्हचे आराखडे बनतात तेच कमीत कमी सांध्यांचे: एक टोक, दुसरं टोक, मध्ये मोजकी स्थानकं.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते ओदावारा स्थानकावर उभं राहून पाहावं. टोकियोहून ओसाकाकडे जाणाऱ्या तोकाइदो शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या लाइनवरचं हे मधलं स्थानक. मी तिथे मुद्दाम दुपारभर उभा होतो. कोदामा ही प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी बाजूच्या रुळावर येते, दारं उघडतात. दोनेक मिनिटांत मधल्या रुळावरून नोझोमी ही सर्वांत वेगवान गाडी फलाट हादरवत निघून जाते, कानाला दडा बसतो. कधी तिच्या पाठोपाठ दुसरीही जाते. मग कोदामाची दारं बंद होतात आणि ती निघते. गर्दीच्या वेळी तासाला 12 पर्यंत नोझोमी, प्रत्येक 16 डब्यांची, 1323 आसनांची, आणि त्यांच्या जोडीला मधल्या वेगाची हिकारी आणि कोदामा. एकाच दोन पदरी मार्गावर तीन तऱ्हेच्या गाड्या, मिनिटांच्या अंतरानं. गावाकडच्या माणसालाही गाडी मिळते आणि ओसाकाच्या माणसालाही. हे सगळं सांध्यांमुळे. 1 ऑक्टोबर 1964 ला ताशी 210 किमीनं सुरू झालेली ही लाइन आज 285 नं धावते, आणि साठ वर्षांत टक्कर किंवा गाडी घसरून तिच्यावर एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही.

आता शांघाय. जगातली नियमित चालणारी एकमेव अतिवेगवान मॅग्लेव्ह तिथे आहे, 30 किमीची. लाँगयांग रोड ते पुडाँग विमानतळ. डब्यात दाराच्या वर वेगाचा आकडा झळकतो. मी गेलो तेव्हा पूर्ण वेगानं चालत होती. दोनेक मिनिटांत आकडा 300 पार गेला, मग 400, मग 431. अर्धा डबा मोबाइल वर करून त्या आकड्याचे फोटो काढत होता. समोरून दुसरी गाडी गेली तेव्हा खिडकीवर कुणी सतरंजी आपटावी तसा आवाज झाला, आणि संपलं. सात-सव्वासात मिनिटांत प्रवास आटोपला. मला फार आनंद झाला, खोटं का बोलू. पण लाँगयांग रोडला उतरल्यावर सामान ओढत पुन्हा मेट्रोत चढावं लागलं, कारण हे स्थानक शहराच्या मध्यात नाही. मेट्रोत जो वेळ गेला त्यात मॅग्लेव्हनं कमावलेली सगळी मिनिटं वाहून गेली. 2021 पासून ही गाडी 300 नंच चालते. अंतर इतकं कमी आहे की त्यानं प्रवासाचा वेळ मिनिटभरही वाढत नाही.

ही लाइन पुढे हांगचौपर्यंत न्यायची होती. लोकांनी 2008 साली विरोध केला, प्रकल्प थंडावला, आणि 2010 मध्ये त्याच दोन शहरांमध्ये चाकांची वेगवान लाइन सुरू झाली. सुमारे 160 किमी अंतर, पाऊण तास. मॅग्लेव्हनं कदाचित अर्धा तास लागला असता. पण एक गोष्ट पाहा. ती चाकांची लाइन हांगचौला संपली नाही. ती पुढे वाढत 2016 अखेर थेट कुनमिंगपर्यंत गेली, दोन हजार किलोमीटरहून लांब. शांघायमध्ये बसलेला माणूस गाडी न बदलता याच मार्गावरच्या चांगशाला उतरतो. पंधरा मिनिटं वाचवणारी मॅग्लेव्ह त्याला हांगचौला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवती, म्हणजे ती पंधरा मिनिटं तिथेच खर्च झाली असती.

बीजिंग-शांघायसाठीही चीनमध्ये याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं वाद झाला: चुंबक की चाक. शेवटी चाक निवडलं. 1318 किमीचा मार्ग जून 2011 मध्ये सुरू झाला आणि आज सर्वांत वेगवान गाडी 4 तास 18 मिनिटांत पोचते. 2024 अखेर चीनमधल्या चाकांच्या वेगवान मार्गांची लांबी 48 हजार किमी झाली. अतिवेगवान मॅग्लेव्ह तिथेच आहे, 30 किमीवर. चीनकडे पैसा नव्हता, जिद्द नव्हती, असं कुणी म्हणणार नाही. छिंगदाओच्या कारखान्यातून 2021 मध्ये ताशी 600 ची मॅग्लेव्ह बाहेरही पडली. पण तिला धावायला मार्ग बांधलेला नाही.

जर्मनीची गोष्ट मला जास्त चटका लावते, कारण मॅग्लेव्हची कल्पना तिथे रुजली. हेरमान केम्पर यांना 1934 मध्ये तिथलं पेटंट मिळालं होतं. बर्लिन-हॅम्बर्ग ट्रान्सरॅपिडची योजना बरीच पुढे गेली आणि 2000 मध्ये रद्द झाली. मग त्याच जुन्या रेल्वेमार्गाची सुधारणा करून ताशी 230 च्या गाड्या सोडल्या, दीड तासात पोचणाऱ्या. मॅग्लेव्हचं आश्वासन तासाभराच्या आतलं होतं. म्हणजे फरक अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि त्यासाठी लागणारा सगळा नवा मार्ग वाचला. म्युनिक विमानतळाची 37 किमीची योजना 2008 मध्ये बुडाली, 1.85 अब्ज युरोचा अंदाज 3 अब्जांच्या वर गेल्यावर. त्यानंतर ही गाडी बनवणारी मंडळीच पांगली. ही बाजू खरेदी करणाऱ्यानं विसरू नये. चाकांच्या गाड्या बनवणारे जपान, चीन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, कोरिया इतके आहेत. एकानं भाव वाढवला तर दुसऱ्याकडे जाता येतं. मॅग्लेव्ह घेतली की जन्मभर एकाच दुकानाचं गिऱ्हाईक.

मग जपान का बांधतंय? इथे मात्र मी मॅग्लेव्हच्या बाजूनं उभा आहे. चुओ शिनकानसेन ही मॅग्लेव्ह लाइन टोकियोच्या शिनागावापासून नागोयापर्यंत 286 किमी, पुढे ओसाकापर्यंत 438 किमी. नागोया 40 मिनिटांत, ओसाका 67 मिनिटांत. पण वेग हे तिचं एकमेव कारण नाही. तोकाइदो लाइन वयाची साठी ओलांडून गेली आहे, गाड्यांनी भरलेली आहे, आणि समुद्रकिनाऱ्यानं जाते, जिथे समुद्रतळाशी असलेल्या नानकाई खंदकाच्या मोठ्या भूकंपाची भीती आहे. ही एक लाइन बंद पडली तर देशाचे दोन तुकडे होतील. डोंगरातून जाणारी दुसरी लाइन त्यांना लागणारच होती. नवीच बांधायची आहे, जुनीशी जोडायची गरज नाही, दोन टोकांना कोट्यवधी माणसं आहेत, आणि मधल्या गावांसाठी जुनी लाइन आहेच. मॅग्लेव्हला अनुकूल अशा सगळ्या अटी इथे एकत्र आल्या आहेत. अशी दुसरी जागा जगात मला फारशी दिसत नाही.

आणि तिथेही काय झालं ते पाहा. वेग वाढला की वळण सैल करावं लागतं, आणि तेही वर्गाच्या हिशोबानं. वेग दुप्पट केला आणि वळणावर मार्गाला दिलेला आडवा कल तोच ठेवला, तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. तोकाइदोवर वळणं 2500 मीटर त्रिज्येची होती, चुओवर ती किमान 8000 मीटरची. इतक्या सैल वळणाची लाइन दरीच्या कडेनं, गाव टाळत नेता येत नाही. ती सरळ डोंगराच्या पोटातून जाते. म्हणून नागोयापर्यंतच्या मार्गाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग बोगद्यांत आहे. एक बोगदा जपानी आल्प्सखालून 25 किमीचा, डोक्यावर काही ठिकाणी 1400 मीटर डोंगर. सुरुवातीला साडेपाच लाख कोटी येनचा अंदाज होता, 2021 मध्ये तो 7 लाख कोटी झाला, 2025 मध्ये 11 लाख कोटी. 2027 मध्ये सुरू व्हायची होती, आता 2035 च्या आधी शक्यता नाही. तरंगण्याच्या तंत्रानं हे घडवलं नाही. वेगानं सरळ रेषा मागितली आणि सरळ रेषेनं डोंगर फोडायला लावला.

पाण्याची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याकडे कुणालाही कळेल. मार्गाचे जेमतेम 10 किमी शिझुओका प्रांतातून जातात, तेही जमिनीखालून, आणि प्रांताला स्थानक एकही नाही. बोगदा खणताना भूजल फुटलं तर ओई नदीचं पाणी घटेल, त्या पाण्यावर शेती आणि चहाचे मळे आहेत, या भीतीनं तिथल्या राज्यपालांनी कित्येक वर्षं परवानगी रोखून धरली. मला ती हरकत अडवणुकीची वाटत नाही. ज्यांना गाडी मिळणार नाही त्यांनी पाणी द्यायचं, हा सौदा कुठल्या गावानं मान्य करावा?

विजेचा हिशोब थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 300 ऐवजी 500 नं जायचं तर हवेशी झगडायला दर किलोमीटरला पावणेतीन पटीच्या आसपास ऊर्जा लागते, आणि बोगद्यात हवा बाजूला सरायला जागा नसल्यानं त्याहून जास्त. चाक नसल्यानं जी बचत होते ती या वाढीपुढे किरकोळ आहे, कारण त्या वेगात चाकाचं घर्षण हा खर्चाचा छोटा वाटा असतो. आवाजाचंही तसंच. कमी वेगात मॅग्लेव्ह खरंच शांत असते, पण 300 च्या पुढे आवाज हवा करते, आणि हवेला चाक आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

सुरक्षिततेबद्दल लोक म्हणतात, मॅग्लेव्ह रुळावरून घसरूच शकत नाही. बरोबर आहे. पण 22 सप्टेंबर 2006 रोजी जर्मनीत एम्सलँडच्या चाचणी मार्गावर मॅग्लेव्ह ताशी 170 च्या सुमारास देखभालीच्या गाडीवर आदळली आणि 23 माणसं गेली. मार्गावर कामाची गाडी उभी असताना गाडी सुटली होती. चाकांच्या बाजूला 1998 मध्ये एशेडेला चाकाची पोलादी धाव तुटून 101 माणसं गेली, आणि 2011 मध्ये चीनच्या वनचौजवळ सिग्नलच्या दोषानं 40. तिन्ही ठिकाणी मी एकच गोष्ट पाहतो: देखभाल आणि सिग्नल. शिनकानसेन सुरक्षित आहे कारण मध्यरात्री 12 ते सकाळी 6 तिथे एकही प्रवासी गाडी धावत नाही. ते सहा तास रुळांचे असतात. आपल्याकडे ब्लॉक मिळवण्यासाठी भांडणाऱ्या माणसाला त्या सहा तासांची किंमत विचारा.

ज्या एका ठिकाणी मॅग्लेव्ह चाकांना खरंच मागे टाकू शकते, तेही मान्य करतो. 300 ते 800 किमी हे चाकांच्या गाडीचं राज्य आहे. माद्रिद-बार्सिलोना 621 किमी, अडीच तास, आणि विमानाचे प्रवासी मोठ्या संख्येनं गाडीत आले. पण हजार-बाराशे किमीच्या पुढे चार-साडेचार तास बसायला लोक कंटाळतात आणि विमान धरतात. तिथे ताशी 500-600 ची गाडी अडीच-तीन तासांत पोचवेल आणि विमानाला हरवेल. मॅग्लेव्हचं खरं क्षेत्र ते आहे. फक्त इतक्या लांबीची लाइन बांधायची तर खर्चाचा आकडा पाहून कोणत्याही अर्थमंत्र्याचा हात थांबेल, आणि आजवर कुणी ती बांधलेली नाही.

आता आपल्याकडे. मुंबई-अहमदाबाद 508 किमी, 12 स्थानकं, ताशी 320, मोजक्या थांब्यांनी 2 तास 7 मिनिटं. चुओच्या हिशोबानं मॅग्लेव्ह हे अंतर सव्वा-दीड तासात कापेल. पाऊण तास वाचेल, पण तो वांद्रे-कुर्ला संकुल ते साबरमती असा थेट जाणाऱ्याचा. बोईसर, वापी, बिलिमोऱ्याच्या माणसासाठी ताशी 500 ला अर्थ नाही. मॅग्लेव्ह लवकर वेग घेते, हे तिच्या बाजूनं धरलं तरी. "पण आपली बुलेट ट्रेनही 1435 मिलिमीटर गेजवर आहे, आपले बाकीचे रूळ 1676 चे, मग तीसुद्धा वेगळीच पडली ना?" असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. जपानचीही जुनी रेल्वे 1067 ची आणि शिनकानसेन 1435 ची होती, तरी पुढे यामागाता आणि आकिताकडचे जुने मार्ग रुंद करून त्यावर शिनकानसेन नेली. स्पेननं गेज बदलणाऱ्या गाड्या बनवल्या. चाकाची गाडी वेगळी पडली तरी पुन्हा जोडता येते, उद्या सुरतेपासून फाटा काढता येतो, आणि गाडी दुसऱ्याकडून विकत घेता येते.

मुंबई-पुण्याचं तर गणित सरळच आहे. चाकांच्या वेगवान गाडीनं दीडशे किमीला 40 मिनिटं लागतील, मॅग्लेव्हला 25-28. बारा-पंधरा मिनिटांसाठी घाटाच्या पोटातून दुप्पट सैल वळणं काढायची? हिंजवडीहून पुणे स्टेशनला पोचायलाच कामाच्या दिवशी तास जातो. मी तो पैसा आधी तिथे घालीन. याच मार्गावर 2018 मध्ये जवळजवळ निर्वात नळीतून धावणाऱ्या हायपरलूपचा एका कंपनीशी करार झाला होता, वर्तमानपत्रांत पंचवीस मिनिटांचे मथळे आले होते. ती कंपनी 2023 अखेर बंद पडली. त्या वर्षांत पुण्याहून मुंबईला जाणाऱ्याचं एक मिनिटही वाचलं नाही.

शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न, काय शिकू. रेषीय मोटार, म्हणजे वर सांगितलेली अंथरलेली मोटार, आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स जरूर शिका, ते ज्ञान मॅग्लेव्हपुरतं नाही, मेट्रोतही लागतं. पण स्थापत्य घेतलं असेल तर खडी नसलेला स्लॅब ट्रॅक आणि लांब सांधे यांवर हात बसवा. वडोदऱ्याला वेगवान रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे, पुण्यात कोरेगाव पार्कला इरिसेन ही रेल्वेची स्थापत्य प्रशिक्षण संस्था आहे, जिथे माझ्या पिढीतले सगळे ट्रॅकवाले घडले. आणि सुट्टीत जवळच्या मोठ्या स्टेशनवर परवानगी काढून एक रात्र सांध्याच्या देखभालीच्या टोळीबरोबर घालवा. त्यांच्याकडे ती 5 मिलिमीटरची पट्टी असते. स्वतःच्या हातानं जिभेत धरून बघा आणि पॉइंट फिरताना त्याचा आवाज ऐका.